बेसमेंटमधल्या बादल्या

गेल्या वर्षी ऑक्टोबरात माझा मुलगा ओटावाहून आमच्याकडे राहायला आला. "फॉर अ बिट," असं तो फोनवर म्हणाला होता, आणि आम्हीही ते तसंच धरून चाललो. तिथल्या कनाटा भागात तो ज्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा, तिनं उन्हाळ्याआधी बऱ्याच लोकांना एकदम काढून टाकलं, त्यात त्याचं नाव होतं. उन्हाळाभर तो तिथेच थांबून अप्लाय करत राहिला. शेवटी लीज संपली आणि तो गाडी भरून टोरंटोत, स्कारबरोला आला. पस्तिशीला टेकलेला मुलगा, आणि आईबापाच्या बेसमेंटमध्ये राहायला येताना त्याला जे वाटत असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गाडी रिकामी करायला मी बाहेर गेले. कपड्यांच्या बॅगा, दोन मॉनिटर, हिवाळ्याचे टायर आणि एकात एक घातलेल्या दोन मोठ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बादल्या. झाकणं होती, पण त्यांना मधोमध भोक पाडलेलं.

"ह्या कशाला रे?"

"स्टोरेज," तो म्हणाला, आणि बादल्या माझ्या हातातून काढून घेऊन स्वतः खाली नेल्या.

भोक पाडलेल्या झाकणाखाली कोणी काही साठवून ठेवत नाही, एवढं मला कळत होतं. पण आल्या आल्या त्याला काही विचारायचं नाही, असं मी आणि त्याच्या बाबांनी आधीच ठरवलं होतं.

आमच्या घरात दारू येत नाही. हे मिरवायला सांगत नाही, तो घराचा नियम आहे, चपला दाराशी काढाव्यात तसा. त्याचे बाबा पाण्याच्या पाइपलाइनी आखणारे इंजिनिअर. नोकरीतून रिटायर झाल्यापासून त्यांचा बहुतेक वेळ आमच्या मंडळात जातो. टोरंटोच्या आसपासची आम्ही काही बौद्ध कुटुंबं महिन्यातल्या एका रविवारी जमतो, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. वंदना होते, सगळे मिळून पंचशील घेतो, मग जेवतो. पाचवं शील नशेपासून लांब राहण्याचं. ते म्हणताना त्याच्या बाबांचा आवाज जरा चढतो, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे.

माझं कारण वेगळं होतं. माझा मोठा भाऊ दारूनं गेला. नागपूरला तो कापडाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली, आणि मग आधी संध्याकाळी, नंतर दुपारी, नंतर केव्हाही. तो मारझोड करणारा नव्हता. उलट प्यायला की जास्तच मऊ बोलायचा, मला जवळ बसवून माझ्या अभ्यासाची चौकशी करायचा, आणि उत्तर ऐकता ऐकता त्याची मान खाली जायची. तो गेला तेव्हा मी इथे नवीन होते. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात ही गोष्ट लपवलेली नव्हती. मुलाला आपला मामा कसा गेला हे लहानपणापासून माहीत होतं.

नोव्हेंबरात एके दिवशी कपडे धुवायला मी खाली गेले तर वास आला. ओल्या पावासारखा, त्यात पिकलेल्या फळाची किंचित छटा. मी बरीच वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये काम केलं आहे. नाकावरच नोकरी केली म्हटलं तरी चालेल. बिअर आंबत घातल्याचा हा वास ओळखायला मला क्षणभरही लागलं नाही. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या खोलीत जुन्या ब्लँकेटखाली त्या दोन बादल्यांतली एक होती. झाकणाच्या भोकात पाणी भरलेली वाकडी छोटी नळी बसवलेली, आणि पाण्यातून बुडबुडे निघत होते. गुडुप, थोडं थांबून पुन्हा गुडुप.

आधी मनात आलं ते लॅबमधल्या बाईच्या मनात येईल तेच. यीस्ट चांगलं चाललंय. मग मला माझा भाऊ आठवला.

ब्लँकेट नीट घडी करून पुन्हा वर टाकलं आणि वर आले. त्याच्या बाबांना सांगितलं नाही. त्यांचे गुडघे दुखतात, ते सहसा खाली उतरत नाहीत, सायनसमुळे त्यांना वासही येत नाही. सांगायला हवं होतं का, हे मी रोज ठरवत होते आणि रोज पुढे ढकलत होते. मुलगा दिवसातून दोनदा वर यायचा. जेवायचा, भांडं धुवायचा, खाली जायचा. काही विचारलं तर इंग्रजीत एका शब्दाचं उत्तर. अशा माणसाकडून त्याची एकच करमणूक काढून घ्यावी की नाही, हे मला कळत नव्हतं. आणि ती नुसती करमणूक आहे की आणखी काही, हेही.

एका सकाळी त्यानंच खालून हाक मारली. "आई, कॅन यू कम डाउन फॉर अ सेक?"

मी उतरले. तो बादलीपाशी उकिडवा बसला होता.

"तुला माहीत आहे, आय नो," तो म्हणाला. "ब्लँकेटची अशी घडी तूच घालतेस."

मी हो म्हटलं.

त्यानं झाकण उचललं. वर पांढरट, सुरकुतलेली साय धरली होती. "इट्स सावर अगेन. दुसऱ्यांदा झालं. आय डोंट नो व्हॉट आयम डुइंग राँग. तू लॅबमध्ये होतीस ना?"

मी वाकून वास घेतला. आंबट, जुन्या ताकाकडे झुकणारा. मी म्हटलं, आधी हे सगळं ओतून टाक आणि बादली कोरडी करून दे. तो लगेच कामाला लागला. मग मी फोनचा टॉर्च लावून बादली तिरपी धरली आणि आतून नख फिरवलं. नख जागोजागी अडकत होतं.

"आतून कशानं घासतोस?"

"दॅट ग्रीन थिंग. सिंकजवळ असते ती."

"ती पातेल्यासाठी आहे. तू प्लास्टिकला ओरखडे पाडलेस. त्यात जंतू जाऊन बसले की मग कशानंही निघत नाहीत. वरून बादली स्वच्छ दिसते, सॅनिटायझर वरवर फिरून जातं. आमच्याकडे अशी भांडी सरळ फेकून द्यायचे."

त्यानं बोट आत घालून स्वतः चाचपून पाहिलं. "सो प्लास्टिक इज बॅड?"

"वाईट नाही. मऊ कापडानं धुवायचं, कोमट पाणी वापरायचं, आणि वर्ष झालं की दुसरं घ्यायचं. प्लास्टिक वासही धरून ठेवतं, आणि हळूहळू हवा आत सोडतं. स्टीलचं तसं नाही. पण स्टीलला ब्लीच लावायचं नाही, त्याला बारीक खड्डे पडतात."

"हाऊ डू यू नो ऑल दिस? आय थॉट यू टेस्टेड मिल्क."

"दूध कमी, भांडी जास्त," मी म्हटलं. "रोज सकाळी जंतू तपासायला कापसाची काडी घेऊन टाक्यांच्या आत शिरत होते. तुला काय वाटलं?"

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा. आणि मला इतकं बरं वाटलं की, आपण कशाबद्दल बोलतोय हे मी क्षणभर विसरून गेले. मी इतकी वर्षं नोकरी केली, पण ह्या मुलानं मला माझ्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं ते हे.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं दुकानात गेलो. घरी बिअर करणाऱ्यांचं सामान विकणारं दुकान. एका प्लाझात, टायरवाल्याच्या आणि टाइल्सच्या दुकानाच्या मध्ये. त्याच्या बाबांना ग्रोसरीला जातो म्हणून सांगितलं होतं आणि खरोखर ग्रोसरीही आणली. दुकानात माल्टची पोती, बाटल्या, नळ्या, आणि मागच्या भिंतीला सगळी भांडी. पांढऱ्या बादल्या, आरपार दिसणारे प्लास्टिकचे मोठे बुधले, आणि एका फळीवर तीन पायांवर उभं, खाली निमुळतं होत गेलेलं स्टीलचं भांडं.

मी ते फळीवरून खाली काढायला लावलं. झाकण उघडून आत हात घातला, सांध्यावरून बोट फिरवलं. सांधा गुळगुळीत होता. मग दुकानातल्या मुलीला म्हटलं, नळ खोलून दाखव. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग पाना आणला.

"भांडं काय, कुठलंही साफ होतं," मी मुलाला म्हटलं. "घाण नळात साठते. हा पूर्ण सुटा होतो का बघ. जो नळ सुटा होत नाही, तो घ्यायचा नाही."

"युवर मॉम्स अ प्रो," ती मुलगी म्हणाली.

"शी इज," तो म्हणाला. अभिमानानं म्हणाला.

त्यानं भांडं दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं आणि म्हणाला, "इफ आय गेट धिस, आयम सेट फॉर लाइफ."

तो सहज बोलला असेल. पण तोपर्यंत मी त्या भांड्याचा सांधा बघत होते, नळ बघत होते. आता मला एकाएकी माझा मुलगा दिसला, पन्नाशीचा, साठीचा, आणि शेजारी हे भांडं, अजून तसंच चकचकीत. प्लास्टिक निदान टाकून तरी देता येतं. नोकरी लागली, दिवस पालटले की बादली रिसायकलिंगच्या ब्लू बिनमध्ये जाईल आणि हा सगळा काळच तिच्याबरोबर जाईल, असं काहीतरी मी मनात धरून बसले होते हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आम्ही काही न घेता निघालो. गाडीत मी म्हटलं, "प्लास्टिकचंच नवीन घे ना. काळजीनं वापरलं तर वर्ष निघतं."

"तू आत्ता अर्धा तास मला स्टील समजावत होतीस."

"तेही खरं आहे."

तो सिग्नलला थांबला. "सो, हे कोण बोलतंय? लॅब की आई?"

"आई," मी म्हटलं.

त्यानं हीटर वाढवला.

मग एके दुपारी मी बाहेरून आले तर हॉलमध्ये भलंमोठं खोकं होतं. डिलिव्हरीवाल्याकडून ते त्याच्या बाबांनी घेतलं होतं. खोक्यावर भांड्याचं चित्र होतं, आणि शेजारी फेसाळलेला ग्लास. त्याचे बाबा खोक्यासमोर खुर्ची घेऊन बसले होते. उघडलं नव्हतं.

"हे काय आहे, तुला माहीत आहे?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"खाली चाललंय?"

"हो. नोव्हेंबरपासून तरी."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. चिडले तर ते बोलतात. चष्मा काढला म्हणजे चिडण्याच्या पलीकडे काहीतरी आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांनी मुलाला हाक मारली. तो वर आला, खोकं पाहिलं आणि पायरीवरच थांबला.

"जानेवारीत वंदनेची आपली पाळी आहे," त्याचे बाबा म्हणाले. "माणसं ह्याच घरात येणार. खाली आपण मूर्ती ठेवतो, मेणबत्त्या लावतो. तिथेच भिंतीच्या पलीकडे हे?"

"बाबा, इट्स अ हॉबी. लोक ब्रेड करतात, लोणची घालतात. सेम थिंग."

"लोणच्यानं कोणाचं घर बसत नाही."

"नोबडीज घर इज..." त्यानं वाक्य अर्धं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू सांग ना त्यांना. यू हेल्प्ड मी."

मी दोघांच्या मध्ये उभी होते. हातात भाजीच्या पिशव्या तशाच होत्या. मला त्याची बाजू घ्यायची होती आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "तू रोज किती पितोस?"

"नॉट अ लॉट."

"मामाही हेच सांगायचा."

"आय न्यू इट," तो म्हणाला. "तू माझ्याकडे बघतेस ना, तुला मीच दिसत नाही. तुला मामा दिसतो. आयम नॉट मामा."

तो म्हणाला ते खरं होतं. काम सुटलेला माणूस, खालच्या मजल्यावर, दार लावून. मला तो दिसत होता आणि त्याच्या मागे दुसरा दिसत होता.

"घरात नको," त्याचे बाबा म्हणाले. "दुसरं मी काही म्हणत नाही. घरात नको."

त्यानं खोकं उचललं आणि आतल्या दारानं गॅरेजमध्ये गेला. संध्याकाळपर्यंत बादल्याही तिकडे गेल्या. त्या दिवशी त्याच्या बाबांना जेवण गेलं नाही. "मला सांगायचं होतंस," एवढंच ते मला म्हणाले, आणि मी हो म्हटलं.

गॅरेजमध्ये हीटिंग नाही. त्यानं स्टीलच्या भांड्याला गरम होणारा पट्टा गुंडाळला, वरून माझी एक जुनी गोधडी. मला न विचारता घेतली होती, मीही विचारलं नाही. ओरखडे पडलेल्या बादल्या कोपऱ्यात उलट्या टाकून ठेवल्या होत्या. तो आता बेसमेंटपेक्षा गॅरेजमध्येच जास्त असायचा, जाकीट घालून.

जानेवारीत आमच्याकडे वंदना झाली. बरीच माणसं आली, बाहेर बर्फ पडत असूनही. आमचे एक जुने स्नेही, पूर्वी मुलाला क्रिकेट शिकवायचे, त्यांनी त्याला विचारलं, "काय करतोस सध्या?" "लुकिंग," तो म्हणाला, आणि लगेच सगळ्यांचे कोट उचलून वर न्यायला लागला. खाली पंचशील सुरू झालं तेव्हा तो माझ्या मागे भिंतीशी उभा होता. पाचव्या शीलाला मी मागे पाहिलं नाही. पाहू नये म्हणून मान ताठ धरून बसले होते. त्याच्या बाबांचा आवाज त्या दिवशी चढला नाही.

जेवणाच्या वेळी खुर्च्या कमी पडल्या. घडीच्या खुर्च्या गॅरेजमध्ये असतात. त्याचे बाबा आणायला गेले आणि परत येईनात. खीर गार होत चालली म्हणून मी बघायला गेले. दार अर्धवट उघडं होतं. मुलगा उलट्या बादलीवर बसला होता, त्याचे बाबा दोन्ही हातांत खुर्च्या धरून उभे होते. मी दाराशीच थांबले.

"कोणीच उत्तर देत नाही, बाबा," तो म्हणत होता. "शंभर ठिकाणी पाठवा, नथिंग. नो म्हणायलासुद्धा कोणी लिहीत नाही. हे एक असं आहे की, मी काहीतरी आत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काहीतरी झालेलं असतं. धिस इज द ओन्ली थिंग दॅट आन्सर्स."

"मला का नाही सांगितलंस?"

"यू वुड हॅव सेड, अप्लाय मोर."

त्याच्या बाबांनी खुर्च्या खाली टेकवल्या. "हो," ते म्हणाले. "तेच म्हणालो असतो."

मग ते खुर्च्या घेऊन वळले, मला दाराशी पाहिलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "गॅरेज घरात धरायचं का गं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. आयुष्यभर सरळ रेषेत चाललेला माणूस, आता ती रेषा नक्की कुठून जाते ते मला विचारत होता.

"भिंत एकच आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय," ते म्हणाले. भांडं हलव, असं मात्र त्यांनी मुलाला सांगितलं नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं खूप बर्फ पडला. मुलगा ड्राइव्हवे शोव्हल करत होता. बर्फ वितळावा म्हणून मी पायऱ्यांवर मीठ टाकायला बाहेर गेले. त्यानं फावडं बर्फात रोवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "यू आस्क्ड मी हाऊ मच."

मी थांबले.

"मी म्हणालो नॉट अ लॉट. दॅट वॉजन्ट ट्रू. डिसेंबर वॉज बॅड. मी केलेली तर खराबच व्हायची, सो आय वॉज बायिंग. काही दिवस सकाळीच सुरू केली. तुम्ही वर नाश्ता करत असायचा."

मिठाचा डबा माझ्या हातात होता. इतके महिने मी ह्याच वाक्याला घाबरत होते. आपण उगीच घाबरत नव्हतो, ह्याचं एक वाईट समाधान असतं. तेही मला त्या क्षणी वाटलं. नाही म्हणणार नाही.

"आणि आता?"

"आता कमी आहे. बट आय थिंक अबाउट इट ऑल डे. इज दॅट हाऊ मामा..."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मामानं कधी सांगितलं नाही. त्यानं एवढंही कधी सांगितलं नाही."

तो रडला नाही. फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. मी विचारलं, डॉक्टरकडे जाशील का. तो म्हणाला, तू येशील का. मी म्हटलं, येईन.

आमच्या फॅमिली डॉक्टरनी त्याला एकट्याला आत बोलावलं आणि बराच वेळ बाहेर सोडलं नाही. बाहेर आल्यावर त्यानं मला गाडीत सांगितलं. काही गोळ्या दिल्या आहेत, आठवड्यातून एकदा एका ग्रुपला जायचं आहे, आणि निदान सध्या काहीच प्यायचं नाही. करायचंही नाही.

"गॅरेजमध्ये आहे ते?"

"ओततो."

त्यानं ते दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. गॅरेजचं दार वर केलं, भांडं ओढत तोंडाशी आणलं. नळ उघडण्याआधी त्यानं मला विचारलं, "तू बघतेस? वन्स. मला कळायला हवं."

मी हात धुऊन आले, झाकण उघडलं. वर साय नव्हती, आंबटपणा नव्हता. स्वच्छ, भाजलेल्या धान्याचा वास. लॅबमध्ये असते तर कसलाही शेरा न लिहिता पुढे पाठवलं असतं.

"वेल?"

खोटं सांगता आलं असतं. "चांगली झाली आहे," मी म्हटलं. "काही दोष नाही."

"फिगर्स. नेमकी हीच," तो म्हणाला, आणि नळ उघडला. तपकिरी धार ड्राइव्हवेवरून वाहत रस्त्याकडे गेली, बर्फात तिच्या वाटा पडत गेल्या. शेवटी शेवटी त्यानं भांडं कलतं केलं. मला वाटलं होतं, मला हायसं वाटेल. पण ती त्याची एकमेव नीट जमलेली बिअर होती, ती माझ्या सांगण्यावरून जमली होती, आणि ती वाहून जाताना मला हळहळ वाटली. हे मी आजवर कोणाला बोलले नाही.

बाहेरचे नळ थंडीत बंद असतात. धुवायला पाणी कुठून आणायचं म्हणून तो इकडेतिकडे बघत होता, तेवढ्यात त्याचे बाबा आतून आले. हातात गरम पाण्याचं पातेलं. गुडघे दुखत होते, तरी किचनपासून गॅरेजपर्यंत त्यांच्या तीनचार खेपा झाल्या. मुलानं नळ खोलला, एकेक भाग सुटा करून मऊ कापडानं पुसला, जसं मी दुकानात सांगितलं होतं. त्याचे बाबा वाकून बघत होते.

"हा वॉल्व्ह चांगला आहे," ते म्हणाले. पाइपलाइनचा माणूस, त्यांना राहवलं नसेल.

एप्रिलमध्ये त्याला ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाऊसमध्ये काम मिळालं. तिथली कॉम्प्युटरची सिस्टिम सांभाळायची. पूर्वीच्या मानानं खालचं काम आहे, शिफ्ट बदलत राहते, जायला यायला फार वेळ जातो. तो तक्रार करत नाही. अजून आमच्याकडेच राहतो. ग्रुपला जातो, कधी जात नाही. जात नाही त्या आठवड्यात मी काही विचारत नाही, पण त्या आठवड्यात माझी झोप कमी होते. मध्ये एकदा त्यानं आपण होऊन सांगितलं की, कामावरच्या लोकांबरोबर गेलो होतो आणि दोन घेतल्या. सांगितलं म्हणून बरं मानायचं की घेतल्या म्हणून वाईट, हे मी आणि त्याचे बाबा दिवसभर एकमेकांना विचारत होतो.

स्टीलचं भांडं गॅरेजमध्ये आहे. विकून टाक, असं त्याचे बाबा दोनदा म्हणाले. तो नंतर बघू म्हणतो.

संध्याकाळी तो आला की मी दाराशी जाते, त्याच्या हातातला जेवणाचा डबा घ्यायला. डबा तो स्वतः सिंकमध्ये ठेवू शकतो, हे आम्हा दोघांना माहीत आहे. तो बूट काढतो, सरळ उभा राहतो, मग माझ्याकडे थोडा वाकतो. "हाय, आई," तो म्हणतो, जरा लांबवून, माझ्या नाकाला पुरेल इतका श्वास सोडून. मी डबा घेते. तो हात धुवायला जातो.